काळ्या दागिन्याची पत

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायर परगण्यात, व्हिटबी नावाचे एक लहानसे बंदर आहे. एस्क नदी तेथे समुद्रास मिळते. एका बाजूच्या कड्यावर जुन्या मठाचे भग्नावशेष उभे आहेत आणि पायथ्याशी अरुंद गल्ल्यांची दाट वस्ती आहे. प्रसिद्ध दर्यावर्दी जेम्स कुक याने जहाजावरील उमेदवारी याच बंदरात केली. अठराव्या शतकात हे गाव जहाजबांधणीवर आणि देवमाशांच्या शिकारीवर जगत असे. १८३० च्या दशकात शिकारीचा तो धंदा संपला. त्यानंतर गावाला मोठा आधार मिळाला तो एका काळ्याभोर, वजनाने हलक्या आणि हाताला उबदार लागणाऱ्या पदार्थाचा. त्याचे नाव जेट. पुढील चाळीस वर्षांत या पदार्थाने व्हिटबीला भरभराट दाखवली आणि त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत ती ओसरूनही गेली. खाणी आटल्या नव्हत्या, कारागिरांचा हातही बिघडला नव्हता. मग धंदा का बुडाला, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांनी अवश्य अभ्यासावा असा आहे.

जेट म्हटले की आज प्रथम विमान आठवते. परंतु दागिन्याच्या जेटचा विमानाशी काही संबंध नाही. प्राचीन काळी आशिया मायनरमधील लिसिया प्रांतात गागास नावाचे एक ठिकाण होते. तेथे सापडणाऱ्या काळ्या पदार्थाला ग्रीक व रोमन लोक ‘गागातेस’ म्हणत. रोमन ग्रंथकार प्लिनी याने त्याचे वर्णन केले आहे. हाच शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून झिजत झिजत इंग्रजीत ‘जेट’ होऊन आला.

जेट हा धातू नाही आणि शास्त्राच्या काटेकोर अर्थाने खनिजही नाही. ते लाकूड आहे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक युगात, अरौकेरिया कुळातील वृक्षांची खोडे वाहत जाऊन समुद्राच्या तळाशी गाळात रुतली. बंगल्यांच्या आवारात शोभेसाठी लावले जाणारे, एकावर एक छत्र्या धरल्यासारखे दिसणारे अरौकेरियाचे झाड त्यांच्याच कुळातले. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या त्या गाळात लाकूड कुजले नाही. वर थरांवर थर साचत गेले, भार वाढत गेला आणि लाकूड दबून, चपटे होऊन, कोळशाच्या जातीचा पण त्याहून चिवट असा पदार्थ तयार झाला. व्हिटबीच्या कड्यांतील शेल खडकाच्या थरात तो पातळ पट्ट्यांच्या रूपाने सापडतो. पाण्यापेक्षा तो जेमतेम सव्वापट जड असतो. चाकूने कोरता येण्याइतका मऊ, तरीही आरशासारखी झिलई घेणारा, असा हा विरळा पदार्थ आहे.

माणसाला त्याची ओढ फार जुनी. ब्रिटनमध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे कांस्ययुगातील, दफनांत जेटच्या मण्यांचे सुंदर चंद्रकोरी हार मिळाले आहेत. संशोधकांनी या हारांतील मणी तपासले तेव्हा एक गमतीची गोष्ट आढळली. काही हारांत मूळ मणी व्हिटबीच्या जेटचे आहेत. मात्र हरवलेल्या वा तुटलेल्या मण्यांच्या जागी स्थानिक कोळशाचे किंवा शेलचे मणी ओवलेले आहेत. मूळ मालाला पर्याय शोधण्याची रीत चार हजार वर्षांची आहे, असा याचा अर्थ. रोमन काळात एबोराकम, म्हणजे आजचे यॉर्क, हे जेटकामाचे केंद्र होते. तेथील केसांचे आकडे, बांगड्या व मेदुसाचे मुख कोरलेली पदके यॉर्कशायर संग्रहालयात पाहावयास मिळतात.

स्पेनमध्येही अस्तुरियास प्रांतात जेट सापडते. सांतियागो दे कॉम्पोस्तेला या तीर्थक्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तेथील कारागीर मध्ययुगापासून जेटचे शिंपले व संतांच्या मूर्ती घडवीत. तेथील महामंदिराच्या उत्तरेकडील चौकाला आजही जेटकारांचेच नाव आहे. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून स्पेनमध्ये जेटची छोटी मूठ गळ्यात वा मनगटात बांधण्याची प्रथा होती. मराठी घरांत तान्ह्या बाळाच्या मनगट्यांत काळे मणी ओवले जातात आणि विवाहितेच्या मंगळसूत्रात काळी पोत असते. इतक्या दूरच्या दोन समाजांनी काळ्या मण्याकडे रक्षणकर्ता म्हणून पाहावे, हे लक्षणीय आहे.

इंग्लंडात मात्र हाच काळा रंग दुखवट्याचा झाला आणि जेटचे नशीब त्या दुखवट्याशी बांधले गेले.

१८०० च्या सुमारास व्हिटबीत जॉन कार्टर व रॉबर्ट जेफरसन हे दोघे साध्या चाकू-कानशीने जेटचे मणी आणि क्रॉस करीत असत. ट्रेमलेट नावाच्या एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने सुचवले की, अंबर जसे कातयंत्रावर कातले जाते तसे जेटही कातून पाहावे. प्रयोग साधला आणि हातकामाचा उद्योग झाला. १८३२ मध्ये गावात दोन कार्यशाळा आणि सुमारे पंचवीस कामगार होते. १८५० पर्यंत कार्यशाळांची संख्या पन्नासावर गेली. १८३६ मध्ये व्हिटबीस लोहमार्ग आला. समुद्रकिनाऱ्यावर हवापालटासाठी येणारे पाहुणे परत जाताना जेटचा एखादा ब्रोच बरोबर नेऊ लागले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात व्हिटबीचे काम जगासमोर मांडले गेले.

त्यानंतर दहा वर्षांनी, १४ डिसेंबर १८६१ रोजी, राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. राणीने काळी वस्त्रे धारण केली ती १९०१ मध्ये तिच्या स्वतःच्या मृत्यूपर्यंत उतरवली नाहीत. दरबारात दुखवट्याच्या काळात स्त्रियांनी जेटचेच अलंकार घालावेत, असा दंडक होता. राजघराण्याचे पाहून सरदार, सरदारांचे पाहून व्यापारी आणि व्यापाऱ्यांचे पाहून कारकुनांची कुटुंबेही तो पाळू लागली.

त्या काळच्या इंग्रज समाजात दुखवट्याचे नियम बारकाईने ठरलेले होते. विधवेने पहिले वर्ष आणि वर एक दिवस जाड, निस्तेज क्रेपचा काळा पोशाख करावा; चमकणारे काहीही घालू नये; फार तर झिलई न केलेले जेट चालेल. पुढे क्रमाक्रमाने नियम सैल होत आणि शेवटी राखाडी व फिकट जांभळा रंग घेता येई. हे सर्व संपण्यास दोन ते अडीच वर्षे लागत. पत्नी वारलेल्या पुरुषाची सुटका मात्र काही महिन्यांत होई. बालमृत्यू व साथी यांचे प्रमाण इतके होते की, एक दुखवटा संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होई. या शोकावर मोठमोठे व्यापार उभे राहिले. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ मध्ये जे यांचे केवळ दुखवट्याच्या कपड्यांचे भव्य दुकान उघडले. कोर्टोल्ड घराण्याने काळ्या क्रेपवर अमाप संपत्ती मिळवली. मराठी मुलुखात विधवेचे दागिने उतरवले गेले. इंग्लंडात तिच्यासाठी वेगळे दागिने घडवले गेले. पद्धती विरुद्ध दिसल्या, तरी शोकाचे ओझे दोन्हीकडे स्त्रीच्याच अंगावर पडले.

फॅशनही जेटला अनुकूल होती. त्या काळचे घेरदार झगे पाहता त्यांवर नाजूक दागिना लोपून जाई. ठसठशीत ब्रोच, रुंद साखळ्या, मोठे कंठहार शोभत. सोन्याचा किंवा दगडाचा एवढा दागिना मानेला पेलला नसता. जेटचा पेलत असे. १८७० च्या दशकाच्या आरंभी व्हिटबीत सुमारे दोनशे कार्यशाळा होत्या आणि चौदाशे ते पंधराशे माणसे या कामावर पोट भरीत होती. कड्यांतील अरुंद बोगद्यांत खाणकामगार जीव धोक्यात घालून थर शोधत. कार्यशाळेत कोणी तुकडे पाडी, कोणी कोरीव काम करी, कोणी कातडे चढवलेल्या फिरत्या चाकावर तांबड्या भुकटीने झिलई देई. गुलाबाची पाकळी किंवा द्राक्षाचा घड असा काही कोरला जाई, की काळ्या रंगातही पाकळीची मऊ कड जाणवावी. जेट वनस्पतिजन्य असले, तरी ते मिळवण्यात आणि उजळण्यात जीवांचा बळी व माणसांचे कष्ट नव्हते असे म्हणता येणार नाही.

मागणी वाढली आणि उत्तम जेट पुरेना. येथूनच उतरणीला प्रारंभ झाला.

जेटचे दोन प्रकार आहेत: कठीण आणि नरम. व्हिटबीच्या सागरी थरांतील कठीण जेट दीडशे वर्षांनंतरही जसेच्या तसे राहते. नरम जेट यॉर्कशायरच्याच दुसऱ्या थरांत मिळे, स्पेनमधूनही हलका माल जहाजाने येई आणि तो स्वस्त पडे. झिलई दिल्यावर दोहोंतील फरक सामान्य गिऱ्हाईकाला कळत नसे. परंतु थंडी-उन्हाचे काही फेरे झाले की नरम जेटला बारीक भेगा पडत आणि कोरलेल्या कडा तुटत. हा माल व्हिटबीतच घडवला गेला आणि व्हिटबीच्या नावानेच विकला गेला. विकणाऱ्याकडे उत्तर तयार होते. माल जेटचाच आहे, कारागिरी व्हिटबीचीच आहे. यात खोटे ते कोणते? तांत्रिकदृष्ट्या प्रत्येक शब्द जवळजवळ खरा होता. मात्र गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते व्हिटबीच्या टिकाऊपणासाठी आणि नेमका तोच त्याला मिळत नव्हता.

बाहेरून नकलांचाही लोंढा आला. रबरात भरपूर गंधक मिसळून तापवले की व्हल्कनाइट नावाचा कठीण काळा पदार्थ तयार होतो. तो साच्यात दाबून एका कारागिराला एक ब्रोच कोरण्यास लागणाऱ्या वेळात कितीतरी ब्रोच काढता येत. काळ्या काचेच्या दागिन्यांना ‘फ्रेंच जेट’ असे भारदस्त नाव मिळाले. त्यात जेटचा कणही नसे. काळे रंगवलेले शिंगही वापरात आले. आयर्लंडमध्ये दलदलीत गाडले गेलेले जुने ओक लाकूड कोरून दागिने होत; पण ते स्वतःच्याच नावाने विकले जात आणि त्यांची स्वतंत्र ख्याती झाली. ज्या गरीब विधवेला जेट परवडत नसे, तिला व्हल्कनाइटचा ब्रोच व्हल्कनाइट म्हणून मिळाला तर त्यात तिची सोयच होती. पर्यायी माल विकणे हा अपराध नव्हे. अपराध घडतो तो नाव बदलल्यावर.

सोन्या-चांदीच्या दागिन्यांवर इंग्लंडात शतकानुशतके शुद्धतेचा ठसा उमटवला जात होता. जेटला असा ठसा नव्हता. गिऱ्हाईकाजवळ विश्वासाखेरीज दुसरे साधन नव्हते. एका घरातील ब्रोच भेगाळला की त्या घराने, त्यांच्या शेजाऱ्यांनी आणि नातलगांनी जेटच सोडले. कारण खरे कोणते आणि हलके कोणते, हे त्यांना ओळखता येत नव्हते. हलक्या मालाची बदनामी चांगल्या मालाच्या खात्यावर लिहिली गेली.

याच सुमारास फॅशनही पालटली. झगे आटोपशीर झाले, दक्षिण आफ्रिकेतील खाणींमुळे हिरे अधिक प्रमाणात बाजारात येऊ लागले आणि लहान, चमकदार दागिन्यांची आवड वाढली. प्रदीर्घ दुखवट्याचा लोकांना कंटाळाही आला होता. हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर, केवळ लबाडीने धंदा बुडाला असे म्हणता येणार नाही. तथापि ज्या मालाची पत शाबूत असते तो फॅशनच्या ओहोटीतही थोडाफार तग धरतो. जेटची पत आधीच गेली होती. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कामगारांची संख्या काही शेकड्यांवर आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्या पद्धतीने उमेदवारी केलेले कारागीर जवळजवळ नामशेष झाले. ज्यांनी आयुष्यात कधी नरम जेटला हात लावला नव्हता, त्यांचीही चूल त्याबरोबर विझली.

आज जुन्या जेटला पुन्हा मोल आले आहे. व्हिटबीच्या पॅनेट पार्कमधील संग्रहालयात त्या काळातील उत्तम नमुने आहेत आणि गावात पुन्हा काही कारागीर काम करतात. लंडन, लेस्टर अशा शहरांत स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबांनाही जुन्या वस्तूंच्या बाजारात असे काळे दागिने दिसतात. त्यांची पारख करताना काही खुणा उपयोगी पडतात. काच हाताला गार व जड लागते. जेट हलके आणि कोमट लागते. व्हल्कनाइट उजेडाने हळूहळू तपकिरी पडते, साच्याची बारीक शिवण त्यावर दिसते आणि चोळल्यास गंधकाचा वास येतो. शिंग प्रखर दिव्यासमोर धरले तर त्याच्या पातळ कडांतून उजेड झिरपतो. सराफ कसोटीच्या दगडावर सोने घासून पाहतो, तसे जेट चकाकी नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर हलकेच घासल्यास तपकिरी रेघ उमटते. काचेची तशी उमटत नाही. ही रेघ दागिन्याच्या मागील, न दिसणाऱ्या बाजूनेच आणि जाणकाराकडूनच काढून घ्यावी. तापलेली सुई टोचण्याची जुनी परीक्षा करू नये. तिने दागिना कायमचा विद्रूप होतो. जेटचा दागिना उष्णतेपासून दूर, मऊ कापडात, इतर दागिन्यांपासून वेगळा ठेवावा.

व्हिटबीच्या या कथेकडे जैन श्रावकाच्या दृष्टीने पाहिले, तर तिचा एक निराळाच अर्थ लागतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या व्रतांचे आणि प्रत्येक व्रताच्या पाच अतिचारांचे विवेचन आहे. अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे, मापात कमी-अधिक करणे यांच्याबरोबरच ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. प्रतिरूपक म्हणजे हुबेहूब दिसणारे. खऱ्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणे किंवा त्याच्या जागी तो देणे, हा तो व्यवहार.

येथे दोन गोष्टी मनन करण्याजोग्या आहेत. पहिली ही, की शास्त्रकारांनी हा दोष सत्यव्रताखाली न ठेवता अचौर्यव्रताखाली ठेवला. तोंडाने एकही खोटा शब्द न उच्चारता तो करता येतो, हे त्यांना ठाऊक होते. व्हिटबीचा दुकानदार ‘हे जेट आहे’ इतकेच म्हणाला आणि ते खरेच होते. तरी गिऱ्हाईकाच्या गाठीचे पैसे मोबदल्यावाचून घेतले गेले. शिवाय शेजारच्या प्रामाणिक कारागिराची पतही चोरली गेली. दुसरी गोष्ट अशी, की यास अतिचार म्हटले आहे. अतिचारात व्रत उघडपणे मोडलेले नसते. ते अंशतः मलिन झालेले असते, म्हणून करणाऱ्याला आपण व्रत पाळतो असेच वाटत राहते. सावधगिरी हवी ती याच ठिकाणी. उघड चोरीपासून बहुतेक कुटुंबे दूरच असतात.

हा विषय केवळ परदेशाचा आणि गतकाळाचा नाही. मुंबई आणि सुरत येथील हिऱ्यांच्या बाजारात आज प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे मोठ्या प्रमाणात आले आहेत. ते काच नव्हेत. रासायनिक दृष्टीने ते हिरेच आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी जाणकारालाही वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांच्या नावाने, त्यांच्या भावाने विकले तर तो सरळ व्यापार आहे आणि अनेक तरुण जोडप्यांची त्यात सोय आहे. परंतु खाणीतल्या हिऱ्यांच्या पुडीत न सांगता त्यांतले चार हिरे टाकले, तर तेथे व्हिटबीचे नरम जेट पुन्हा अवतरते. यंत्राने तपासणी करता येते आणि प्रमाणपत्रेही मिळतात. सोन्याच्या दागिन्यांवर आता सहा अंक-अक्षरांचा हॉलमार्क क्रमांक सक्तीचा झाला आहे. हे उपाय आवश्यकच आहेत. तरीही प्रत्येक पुडी प्रत्येक वेळी यंत्राखाली जात नाही. कितीतरी व्यवहार आजही केवळ शब्दावर आणि पेढीच्या नावावर होतात आणि ते नाव एका माणसाने कमावलेले नसते. आजोबांनी, वडिलांनी आणि त्याच बाजारातील इतर सचोटीच्या पेढ्यांनी ते मिळून कमावलेले असते. त्यामुळे एका पुडीत टाकलेल्या चार हिऱ्यांची किंमत सर्वांना मोजावी लागते.

व्हिटबीत दीडशे वर्षांपूर्वी घडवलेला खऱ्या जेटचा ब्रोच आजही काळा आहे. त्याच काळात त्याच्या शेजारी, त्याच्याच नावाने विकलेला व्हल्कनाइटचा ब्रोच आता मातकट तपकिरी दिसतो. विक्रीच्या दिवशी दोघांत काहीच फरक दिसत नव्हता. विकणारा तो दिवस पाहून निश्चिंत झाला असेल. त्याच्या नातवंडांच्या काळी मात्र दोन्ही दागिने शेजारी ठेवताच मूळ माल कोणता हे कोणीही सांगू शकत होते. पावतीवर लिहिलेले आणि पुडीत बांधलेले एकच असावे, इतका हा साधा नियम आहे. तो पाळण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. मालाची चणचण असताना आणि गिऱ्हाईक दारात उभे असतानाही तो आठवावा लागतो, एवढेच.